‘मी कोणतेही काम करीत नाही’ ही ओळ खोडून मिळण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
निराधार अनुदान शाखा,
तहसील कार्यालय, बोरखेडी,
जि. यवतमाळ.

अर्जदार : कोकिळा पुंडलिकराव गावंडे, वय ४३, मु. वाघजाळी. (मजकूर माझा, अक्षर वडिलांचे.)

विषय : माझ्या हमीपत्रातील एक ओळ आता खरी राहिली नसल्याने ती खोडून अनुदान चालू ठेवणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, दि. ५ फेब्रुवारी २०२५.
२) माझे हमीपत्र, दि. १७ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

संदर्भ क्र. १ च्या पत्रावरून मला नोकरी लागल्याचे समजले. कापसाच्या गाडीवरून पडून मानेखालचे शरीर गेले त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून मी खाटेवर आहे, आणि अशा स्थितीत नोकरी मिळाल्याबद्दल आनंद व्हायला हवा होता. परंतु त्याच पत्रात, आपण ‘कार्यरत’ असल्याने अनुदान का बंद करू नये, असा खुलासा मागितला आहे. तो सविस्तर सादर करते.

१. आमच्या भागातील आशाताई समीक्षा यांच्याकडे चार गावे आणि एक तांडा आहे. क्षयरोगाच्या औषधाला रोज आठवण लागते, आणि त्यांना रोज सगळीकडे पोचता येत नाही. दोन वर्षांपूर्वी त्या मला म्हणाल्या, “ताई, तुमचं तोंड तर चालू हाये ना? मंग फोन करा.” तेव्हापासून सकाळी सात ते नऊ मी अकरा जणांना फोन करीत असे. गोळी घेतली का, जेवण झाले का, उलटी तर झाली नाही ना, एवढेच विचारायचे. उजव्या हाताची दोन बोटे आणि गळा एवढे माझे चालते, आणि या कामाला तेवढे पुरते.

२. या कामाचा मोबदला मिळत नाही. चौकशी अहवालात मात्र समीक्षाताईंनी स्वतःच्या पैशाने मारलेले रिचार्ज ‘मानधन’ म्हणून आणि एका रुग्णाने बरा झाल्यावर आणून दिलेली पायलीभर तूर ‘वस्तुरूप उत्पन्न’ म्हणून नोंदवली आहे. त्या तुरीचे वरण झाले. चौकशीस आलेले कर्मचारीही आमच्याकडे तेच वरण जेवले, त्यांच्या उत्पन्नात ते धरले की नाही, मला कल्पना नाही.

३. ‘कार्यरत’ हा शब्द कुठून आला तेही सांगते. २६ जानेवारीला गावात माझा सत्कार झाला. सन्मानपत्रावर ‘क्षयरोग निर्मूलनात अविरत कार्यरत’ असे सोनेरी अक्षरांत छापले होते. वडिलांनी ते चौकटीत बसवून खाटेसमोरच्या भिंतीला लावले. कर्मचारी आले तेव्हा चहाच्या आधी वडिलांनीच ते दाखवले, “पाहा साहेब, आमची पोरगी पडल्या पडल्या काय करून राह्यली!” साहेबांनी पाहिले आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला. वडिलांना वाटले, कौतुकाने काढला.

हा परिच्छेद लिहिताना वडील थांबले होते. मीच म्हटले, लिहा बाबा. तुमची चूक नाही.

४. त्यानंतर आपल्या कार्यालयात वडिलांना तोंडी सांगण्यात आले की फोन बंद करून छापील हमीपत्रावर सही दिली तर अनुदान चालू राहील. महोदय, माझ्या लघवीच्या नळ्या आणि पिशव्या त्या अनुदानातून येतात. वडील शहात्तर वर्षांचे आहेत आणि मला कुशीवर वळवायला दुसरे कोणी नाही. मी घाबरले. १७ फेब्रुवारीला ‘मी कोणतेही काम करीत नाही व करणार नाही’ या ओळीखाली सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून एकही फोन केला नाही. समीक्षाताई त्याच आठवड्यात बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी सगळ्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या पोचवल्या होत्या.

५. अकरा जणांपैकी दहा जणांची नावे मी देणार नाही. गावात या आजाराचे नाव निघाले की माणसाचा पाण्याचा गुंड-पेला वेगळा ठेवतात. अकराव्या मानीबाई. त्यांचे नाव आता दिले तरी चालेल.

मानीबाई तांड्यावर एकट्या राहत. लेक-सून पुण्याकडे कामाला. त्यांना तारीख-वार कळत नसे. “तुया फोन वाजला का मी गोळी खातो माय,” असे त्यांचे घड्याळ होते. १९ फेब्रुवारीला सकाळी त्यांचा मिस्ड कॉल आला. हमीपत्रावरची सही दोन दिवसांची होती. मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तोही तसाच जाऊ दिला. मग आला नाही.

६. ३१ मार्चला सकाळी सात वाजता त्याच नंबरवरून फोन आला आणि मी उचलला. शेजारच्या बसंतीबाई होत्या. म्हणाल्या, “ताई, बुडी काल गेली. लय खोकलत होती. आम्ही म्हणो गोळी खाय, तं म्हने, कोकिळाचा फोन बंद झाला, म्हंजे मी बरी झालो. मंग आता कायले खाऊ?”

डॉक्टरांचे म्हणणे, वय होते, अंगात रक्त नव्हते, इतरही कारणे असतील. असतील. मी आपल्या कार्यालयावर दोष ठेवत नाही. फोन कार्यालयाने नव्हे, मी बंद केला होता. पण मला त्या दिवसापासून जेवण जात नाही, हे अर्जात लिहायचे नसते तरी लिहिते.

७. १ एप्रिलपासून मी उरलेल्या दहा जणांना पुन्हा फोन करते आहे. त्यामुळे माझे हमीपत्र खोटे झाले आहे, आणि खोटे हमीपत्र शासनाकडे ठेवणे हा गुन्हा असल्याचे त्याच कागदावर खाली बारीक अक्षरांत छापले आहे. दरवर्षी मी हयातीचा दाखला देते, म्हणजे मी जिवंत आहे. त्यालाच जोडून मी काहीच करीत नाही, असेही लिहून द्यायचे. या दोन्ही कागदांवर एकाच माणसाची सही मला यापुढे जमणार नाही.

तरी ती एक ओळ खोडून माझे अनुदान चालू ठेवावे, ही विनंती. ते बंद झाले तर वडिलांचे हाल होतील, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे, आणि तरी हा अर्ज त्यांनीच लिहिला आहे. आपला निर्णय काहीही होवो, सकाळी सातला फोन जाईल. कळवायचे असल्यास कृपया नऊनंतर कळवावे.

आपली नम्र आणि कार्यरत,
(सही)
कोकिळा पुंडलिकराव गावंडे
मु. वाघजाळी, दि. ८ एप्रिल २०२५

सोबत :
१) हयातीचा दाखला (माझा).
२) सन्मानपत्र, मूळ, चौकटीसह. वडिलांनी स्वतः भिंतीवरून काढले. परत नको.
३) मानीबाईंच्या डब्यात मिळालेल्या गोळ्यांचे छायाचित्र. त्यांतल्या एकेचाळीस दिवसांच्या, १८ फेब्रुवारी ते ३० मार्च, खायच्या राहिलेल्या आहेत. मोजून पाहाव्यात.