पांढऱ्या छपराखालची जागा

दिग्रस,
१८ एप्रिल २०२२

प्रिय शाम,

दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. घरात फोन असताना बायकोचं पाकीट आलं म्हणजे काहीतरी बरंवाईट झालं, असं समजून तू मटकन खाली बसशील, म्हणून हे आधीच लिहिते. आणि चारचौघांत मी तुला ‘अहो’ म्हणते, पण इथे ऐकायला कोणी नाही, तेव्हा आज ‘तू’च म्हणणार. ऐकायला कोणी नाही ही चैन मला किती दिवसांनी मिळाली आहे, काय सांगू! स्वयंपाकघराची कडी लावून बसले आहे. सकाळची वेळ आहे, म्हणून जमलं. ऊन तापलं की हे घर आपलं राहत नाही.

गेल्या रविवारी फोन स्पीकरवर असताना तू विचारलंस, की पावसाळा संपला की कायमची पुण्याला येशील का, खोली आहेच. मी तोंड उघडायच्या आत समोरच्या हंसाबाईंनी उत्तर दिलं, “नाही येत ते! इथं काय कमी हाय तिले?” शेजारचे पुंडलिकराव म्हणाले, “जाय वो पोरी, नवऱ्याजवळ राह्यलं पाहिजे.” बापू नुसतेच खोकले. याडी तुझी आई पडली, तिने डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात रेंज गेली आणि तुला वाटलं मी रागाने फोन ठेवला. अरे, मला बोलायलाच कुठे मिळालं? तुझ्या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या गल्लीने दिलं, एक मी सोडून. आता मला देऊ दे. पण आधी थोडं भांडून घेते.

कारण ह्या सगळ्याला जबाबदार तू आहेस. लॉकडाऊनमध्ये लोक गावी परत आले ते भांडीकुंडी, पंखे, शिलाई मशीन घेऊन. तू ट्रकमधून उतरलास तो पांढऱ्या रंगाच्या दोन बादल्या घेऊन. याडीला वाटलं, पोराने पुण्याहून श्रीखंड आणलं. झाकण उघडून तिने बोटसुद्धा बुडवलं होतं, आठवतं? पुण्यात मोठ्या लोकांच्या गच्चीला मारतात तो हा रंग, त्याने ऊन परत फिरतं, असं तू सांगितलंस आणि बापू म्हणाले, ऊन काय पाहुणा आहे परत फिरायला! मग पाऊस लागला, बादल्या खाटेखाली गेल्या, आणि तू रोज त्यांना पाय लागून ठेचकाळत हिवाळ्यापर्यंत घरी बसलास. पुण्याची कामं सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा कुठे जायच्या आदल्या दिवशी तू पत्र्यावर चढलास. खाली ही गर्दी! पुंडलिकराव आपल्या स्लॅबवरून ओरडले, “काहून रे शाम, लग्न हाय का घरी?” बापूंना इतकी लाज वाटली, की ते दिवसभर बसस्टँडवर जाऊन बसले. तू एवढंच म्हणालास, “उन्हाळ्यात बापूले बरं वाटन.” दुसऱ्या दिवशी गाडीत बसलास, पुढे दुसरी लाट आली, आणि तू तिकडेच अडकलास.

इकडे उन्हाळा आला आणि बापू बिघडले. म्हणजे, सुधारले. दर वर्षी दुपारी पत्रा तापला की घर सोडून नाल्याकाठच्या लिंबाखाली जाऊन पडणारा माणूस घरातच झोपायला लागला. आजारी पडले की काय म्हणून हंसाबाई मास्क लावून बघायला आल्या, दारातच टेकल्या, आणि ऊन उतरेपर्यंत उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निवडायची तूर घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी शेळी घेऊन आल्या. त्या वर्षी लोक निदान लांब लांब बसायचे. यंदा मास्कही गेले आणि अंतरही गेलं. पुंडलिकराव कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशाने स्लॅब घातला म्हणून साऱ्या गल्लीला ऐकवायचे, तेच आता स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आपल्याकडे, पत्र्याच्या घरात येतात, कारण त्यांचा स्लॅब तव्यासारखा तापतो. आणि जागेवरून भांडणं! पुसदच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं लोक सकाळीच येऊन आपल्या फरशीवर रुमाल, टॉवेल, सुपं टाकून जातात. बापू कंडक्टर झाले आहेत. कोण कुठे बसणार ते तेच ठरवतात, आणि त्यांच्याशी वाद घालणाऱ्याला उन्हाच्या बाजूला बसवतात. परवा मी माझ्याच घरात डोकं विंचरायला बसले, तर मला म्हणाले, “पोरी, ते जागा भरली हाय.”

आता खरी गंमत ऐक. मागच्या आठवड्यात नगरपालिकेकडून एक इंजिनियर मुलगी आली, पायल नावाची. कोरोनात ज्यांची कामं गेली त्यांना काम मिळावं आणि उन्हाळ्यात वस्तीही थंड राहावी, अशी काहीतरी योजना निघाली आहे. तिच्याकडे ताप मोजतात तसली बंदूक होती. दोन वर्षांची सवय, दुसरं काय! तिने ती बाहेर काढताच सगळी गल्ली रांगेत उभी राहिली आणि कपाळं पुढे झाली. हंसाबाईंनी धावत जाऊन आधार कार्ड आणलं. बापूंना वाटलं, पुन्हा शाळेत नेऊन चौदा दिवस ठेवणार. ते गव्हाच्या कोठीमागे जाऊन दडले आणि तिथून ओरडत होते, “मले काही नाही झालं, मले वास येते!” ती बिचारी सांगून सांगून थकली, की मला माणसांचा नाही, छपरांचा ताप बघायचा आहे. शेजारचा पत्रा निघाला पासष्ट, पुंडलिकरावांचा स्लॅब साठ, आपला पंचेचाळीस. तिला खरं वाटेना, तिने तीनदा मोजलं. मग विचारलं, हे कोणी रंगवलं? तर सगळे एका सुरात, “आम्ही!” पुंडलिकराव तर म्हणाले, “मीच सुचवलं होतं पोराले.” मला मात्र तू दिसत होतास रे, त्या रात्री गुडघे सोलपटलेला, नखांत रंग भरलेला.

आता उत्तर. मी पुण्याला येणार नाही. तू ये. नाल्यापर्यंतची सगळी पत्र्याची घरं पाऊस लागायच्या आत पांढरी करायचं काम आपल्या बचत गटाला मिळालं आहे, आणि गटाने मला प्रमुख केलं आहे. पायलताईंना जाणकार रंगारी हवा होता, तुझं नाव मी तुला न विचारता दिलं. पावसाळ्यानंतर शाळा आणि दवाखाना आहे. त्यापुढचं मला माहीत नाही, खोटं कशाला सांगू, आणि पुण्याइतकी मजुरी इथे नाही. शिवाय बायकोच्या हाताखाली काम करावं लागेल, आणि मुकादमीण कडक आहे. हे सगळं गल्लीसमोर बोलले असते तर निर्णय त्यांनीच घेऊन टाकला असता, म्हणून कागद काढला. आणि आणखी एक गोष्ट चारचौघांत बोलवत नव्हती. तू मागे सहज सांगितलंस, की तिकडे दिवसभर दुसऱ्यांच्या गच्च्या थंड करतोस आणि रात्री तुझ्या खोलीचा पत्रा इतका तापलेला असतो, की ओली चादर पांघरून झोपतोस. तेव्हापासून मला इथे थंड जमिनीवर पडलं तरी झोप लागत नाही. ह्या छपराखाली सगळी गल्ली निजली, हंसाबाईंची शेळी निजली. तू मात्र एक दुपारसुद्धा इथे पाठ टेकली नाहीस. मला तू इथे हवा आहेस, शाम. काल बापूंनी कोणाला न विचारता दाराजवळची, वाऱ्याची जागा मोकळी केली आणि तू डोक्याला बांधायचास तो रंगाने माखलेला जुना दुपट्टा तिथे टाकून ठेवला. कोणी बसायला गेलं की म्हणतात, “उठा, पोट्टं येऊन राह्यलं.” माणसं ऐकतात, शेळी ऐकत नाही. लवकर ये.

तुझीच,
ममता