कोल्ह्यातल्या चिठ्ठ्या

हिवरखेड, ता. तेल्हारा
१९ जून २०१४, गुरुवार

चि. आचल,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक हाय, असं पयले लिहिलं अन् खोडलं. खोडलेलं तुले दिसून राहिलं असीन. पाच वर्सानं बाप चिठ्ठी लिहून राहिला म्हनून घाबरू नको. काम हाय म्हनून लिहितो. सातवी पास मानसाचं अक्षर हाय, लावून वाचजो.

पानी नाई अजून. सरकीची थैली ओसरीत पडून हाय. मार्चात गारपिटीनं गहू गेला. ते सोड.

काम कंपुटरचं हाय. तू बारावीत असतानी घेतला तोच डब्बा. चैतापासून त्याच्यावर एक पाटी येऊ लागली, का कंपनी आता ह्या जुन्या सिस्टिमकडं पाहनार नाई. चालू केला का पाटी, चालू केला का पाटी. मंग इंटरनेटच्या माह्या निळ्या ई मंधी अकोट बजारचा भावही उघडेना. मी म्हनलं, पंखा फिरते, लाइट लागते, मशीन धडधाकट हाय, मंग बंद काहून? शेवटी मागच्या हप्त्यात शीपीयू पोत्यात घातला अन् एष्टीनं तेल्हाऱ्याले नेला. कंडक्टर म्हने, "बुढेबा, कोंबड्या हायत का पोत्यात?" म्हनलं, "हो. अंडे देत नाई म्हनून इकाले नेतो."

तेल्हाऱ्याले यास्मीन म्हनून एक पोरगी हाय, तिचं कंपुटरचं दुकान हाय. तू गेल्यावर उघडलं, तुले मालूम नसीन. कोनाची फालतू तारीफ करत नाई, म्हनून मले पटते. तिनं सांगतलं, नवी विंडो टाकाची त ह्या डब्ब्यात तेवढा दम नाई. दुसरी एक फुकटवाली सिस्टिम हाय, पेंग्विनचं चित्र असलेली, हलकी, ते ह्याले झेपीन. म्हनलं, तेच टाक. त म्हने, "पन काका, त्याच्यात तुमचा निळा ई चालत नाई. कोल्हाच राहीन."

कोल्हा मंजे इंटरनेट उघडाचं ते दुसरं, शेपटीवालं. तुही आई तेच वापरे. मी कधी त्याले हात लावला नाई. मले भाव अन् हवामान पाहाले निळा ई पुरे. एका डब्ब्यात दोन-दोन कायले, म्हनून मी खेकसो तिच्यावर. ते म्हने, "तुमचं तुमच्यापाशी, माह्यं माह्यापाशी."

"जुनं काही ठेवाचं का?" यास्मीननं दोनदा इचारलं. मीनं म्हनलं, "पुसून टाक. झंझट नाई पायजे."

तिनं पुसलं.

मंग चाय पेतानी म्हने, "काका, काकूचं मेल लावून देतो. पासवर्ड सांगा."

"कायचं मेल?"

मंग म्हने, "मंगळवारी तुमी वावरात गेले का काकू लिहे. मराठी टायपिंग मीच फोनवर शिकवलं. आचलले लिहे. पाठवे नाई. नुसतं लिहून ठेवे."

"पाठवे काहून नाई?"

त पोट्टी माह्याकडं पाहूनच राहिली. "तुमीच शपथ घातली होती ना, काका."

घातली होती. तू अरीबसंगं अमरावतीले गेली त्या दिवशी. "तिले चिठ्ठी धाडशीन, नाई त फोन करशीन, त माह्यं मेलेलं तोंड पाह्यशीन," असं म्हनलो होतो मी तुह्या आईले. पाच मिनिटाचा राग होता. तिनं पाच वर्स पाळला. लिहे, अन् माह्या जिवाच्या भेवानं बटन दाबे नाई.

यास्मीन म्हने, "माह्या हातचा चाय चालते तुमाले. मंग अरीबच काहून नाई चालला?" मीनं अर्धा कप ठेवला, पोतं उचललं, निंगालो.

इथवर आलो त आता सांगतोच. तुही आई गेली. २३ एप्रिलले, अकोल्याच्या दवाखान्यात. छातीत दुखलं म्हनून नेलं होतं. तीन दिवस होती. दुसऱ्या दिवशी म्हने, "आचलले बलावा." मी म्हनलं, "बरी होऊन घरी चाल, मंग पाहू." तिसऱ्या दिवशी तुहं नाव घेतलं नाई. येवढंच म्हने, "कंपुटर हाय तसाच राहू द्या." मले वाटलं, बरळून राहिली.

अमरावतीवरून अकोला दोन घंट्याचा रस्ता हाय. तू आली असती. फोन माह्या खिशात होता.

तेरवीलेही कळवलं नाई. अन् लोकायनं इचारलं त सांगतलं, का पोरीले कळवलं, ते आली नाई. आचल, हे मी खोटं बोललो. गाव दोन महिने तुलेच नाव ठेवून राहिलं. ते मी पारावर उभा राहून सुधारतो. माह्यं मी पाहीन.

यास्मीन म्हन्ते, चिठ्ठ्या पुसल्या गेल्या नाई. त्या डब्ब्यात नोयत, वरतं इंटरनेटवर, मेलमंधीच हायत. फक्त पासवर्ड जुन्या कोल्ह्यात ठेवलेला होता, तो मीनं पुसाले लावला. तुरीच्या डाळीचा डब्बा पाह्यला, दवाखान्याची थैली पाह्यली, पोथी झटकली. पासवर्ड नाई भेटला. पोथीतून तू अमरावतीवरून धाडलेला लिफाफा पडला, जो मीनं तिले चुलीत टाकाले देल्ला होता. ह्या चिठ्ठीवर तुहा पत्ता आला तो तिथूनच.

मेल तूच तिले काढून देल्लं होतं, कॉलेजात असतानी. पासवर्ड आठोला त पाह्य. नाई आठोला त तुह्या त्यावेळच्या मोबाईलवर नंबर येते म्हने, त्यानं उघडते. तो मोबाईल नंबर ठेवला असशीन, असं मी मनातच धरून राहिलो.

उघडजो. सगळ्या वाचजो. मले सांगू नको त्यात काय हाय. माह्याबद्दल वाईट लिहिलं असीन त ते खरं असीन.

ह्या मंगळवारी मी वावरात गेलो नाई. तिच्या खुर्चीवर बसलो अन् कोल्हा उघडला. कोरा हाय. तिनं कधी बोट लावलंच नाई, असा कोरा. मले दोन घंटे काय करू ते समजलं नाई.

येशीन त अरीबले घेऊन येजो. यास्मीनले म्हनलं हाय, चाय तिच्याकडंच पेऊ.

माह्यं मेलेलं तोंड पाह्यशीन, म्हनलो होतो तुह्या आईले. तिनं नाई पाह्यलं. मीनं पाह्यलं, तिचं. तुले पाहू देल्लं नाई.

बाप म्हनाचं का नाई ते तुह्यावर,
सूर्यभान