शून्याचं गाव

३ ऑक्टोबर, बोरीटोला
आले एकदाची! चंद्रपूरहून निघाले, अहेरीत बस बदलली, एटापल्लीला उतरले आणि तिथून लालसूभाऊंच्या मोटारसायकलवर. अम्मीचं एकच पालुपद, एमएस्सी काय जंगलात गोचीड वेचायला केलीस? अगं, वेचायला नाही, त्यांचा नकाशा करायला. कुठे गोचीड सापडला, झाडी किती, ओल किती, गुरं कुठून कुठे चरायला जातात, हे सगळं भरलं की लॅपटॉप सांगतो की आता पुढचं गाव कोणतं. गेल्या वर्षी गोचिडाच्या तापानं या भागात दोन माणसं गेली, म्हणून हा खटाटोप.

लालसूभाऊ माझे वाटाडे. त्यांच्या घराला लागूनच मला खोली मिळाली आहे. त्यांच्या आईनं, सुकरीबाईंनी, आल्या आल्या पेज दिली. बायको मयुरी दहावी पास, पोटुशी आणि पक्की मस्करीखोर. माझं इथे जमणार.

९ ऑक्टोबर
पांढरं फलाटीनचं कापड दांडीला बांधायचं आणि गवतावरून ओढत न्यायचं. दर दहा पावलांनी उलटवायचं आणि चिकटलेले गोचीड चिमट्यानं बाटलीत भरायचे. कापड अब्बांनी शिवून दिलंय, फाटू नये म्हणून कडेला दुहेरी दुमड घालून. शेवटी टेलरची मुलगी मी! मयुरी हसून हसून बेजार. मॅडम जंगल काऊन पुसून राह्यल्या, पाहुणे येतेत का, म्हणे. मीही हसले. रात्री कापडाची पिशवी गोठ्यात टांगते, कारण कापडाला कुबट वास मारतो.

२ नोव्हेंबर
आजूबाजूची तीन गावं फिरले, प्रत्येक ठिकाणी दोन दोन मुक्काम. बोरीटोल्यात गोचीड भरपूर, बाकी तिन्हीकडे जवळजवळ नाहीतच. नकाशा देखणा होतोय. आमच्या प्रकल्पाचे सर फोनवर शाबास म्हणाले आणि मी दिवसभर हवेत.

१४ नोव्हेंबर
इथे तापाचे पाच रुग्ण. म्हातारा नथ्थू काल गेला. रक्ताचे नमुने पाठवलेत, उत्तर यायचंय.

आज लालसूभाऊ दारात आले. म्हणाले, "मॅडम, मयुरीले कुठी नेऊ? तुमची मशीन सांगते ना."

मी लॅपटॉप उघडून दाखवला. तिचं माहेर कोसमपाडी, नाल्यापलीकडे अकरा किलोमीटर. मधे गुरांची वाट नाही, रान विरळ, जमीन कोरडी. मॉडेलचं उत्तर शून्य. छाती ठोकून सांगितलं, तिथेच न्या. दुपारी तिला घेऊन गेलेसुद्धा. कुणाच्या तरी कामी आले, याचं फार बरं वाटलं.

२० नोव्हेंबर, कोसमपाडी
सरांना मशीनचं शून्य चालत नाही. प्रत्यक्ष कापड ओढून शून्य आणा म्हणाले. म्हणून इथे.

गावानं वाटेवर दोर बांधला होता. ताप आत येऊ नये म्हणून बाहेरचं माणूस नको. परत फिरणार होते, पण मयुरी धावत आली आणि ही माझ्या घरची आहे म्हणाली. म्हाताऱ्यांनी थोडी कुरकुर केली आणि दोर सोडला. मयुरीच्या आईकडे उतरले. कापड मयुरीच्या खाटेवरच्या वळणीवर टाकलंय.

२३ नोव्हेंबर
तीन दिवस, अख्खं शिवार. एकही गोचीड नाही. खरं शून्य! मयुरीला म्हटलं, आता निवांत बाळंत हो.

४ डिसेंबर, बोरीटोला
काहीतरी चुकतंय. ज्या तीन गावांत काहीच नव्हतं, तिथून निरोप आले. गोचिडाची पिल्लं, शेकड्यांनी, तीही रानात नाही, घरात. मॉडेल म्हणतं शक्य नाही. गुरांच्या वाटा बदलून पाहिल्या, हरणं घातली, पक्षी घातले. बसतच नाही.

आणि आज कोसमपाडीहूनही. मयुरीच्या आईच्या घरात. लालसूभाऊ तिला परत आणायला तडक निघाले.

५ डिसेंबर
चिडून गुरं, हरणं, पक्षी सगळं काढून टाकलं आणि माझ्या फोनमधली माझीच फिरतीची वाट घातली. गंमत म्हणून.

सगळे ठिपके त्या वाटेवर. एकही बाहेर नाही. जिथे मी झोपले तिथे.

पिशवी उघडली. कापडाची अब्बांनी घातलेली दुहेरी दुमड उसवली. आत गोठ्यातली रक्त पिऊन फुगलेली मादी, वाळलेली, आणि भोवती अंड्यांची टरफलं. हजारो. रव्यासारखं काहीतरी हलत होतं. या अल्लाह, मी हे घरोघर नेलं. मयुरीच्या खाटेवर टांगलं. दोर सोडायला लावून.

कापड जाळलं. पण पिशवी दोन महिने खोलीत, गोठ्यात — भिंतीवर आहेत. पलंगाच्या फटीत —

६ डिसेंबर
ताप. कानामागे दोन सापडले, काखेत पाच.
सुकरीबाईंना आतूनच ओरडून सांगितलं, माझ्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, मयुरीनं तर मुळीच नाही. ऐकलं त्यांनी. आतून कडी नाही.

७ डिसेंबर
कोसमपाडीनं पुन्हा दोर बांधून लालसूभाऊंना अडवलंय म्हणे, फोनही लागत नाही. घसा सुजला. पाणी गिळवत नाही.
जमिनीवर सगळीकडे पिल्लं — उंबऱ्यापर्यंत —
सगळं माझ्यामुळे.

८ डिसेंबर, सकाळ
आवाज गेला. सुकरीबाई नर्सला आणायला गेल्यात. घरात कुणी नाही.

मोटारसायकल. आले. मयुरीचा आवाज. विचारतेय मॅडम कुठी आहे. शेजारीण सांगतेय, मॅडमले ताप आहे, एकट्याच आहेत. मयुरी मी पेज घेऊन जातो म्हणतेय — आत यायचं नाही हे तिला कुणी सांगितलं नाही — लालसूभाऊ तिला सांगतायत, मॅडमले विचार, आता कुठी जाऊ —

उठता येत नाही. तिला वाचता येतं. मोठ्या अक्षरात लिहून धरते.

मयुरी आत येऊ नको
मयुरी तिथेच थांब पेज तिथेच ठेव

दार ढकललं. वाकून पेज खाली ठेवतेय. माझ्याकडे बघत नाही, चपला काढतेय —

मयुरी वाच
उंबऱ्यावर चपला काढू न