उताऱ्यातून गाळलेलं वाक्य

दि. ४
चि. धाकोबास, ताईचे आशीर्वाद आणि एक गाऱ्हाणं.

समोर येऊन सांगायला गेले तर पहिल्याच अक्षरावर अडेन आणि तुझा तास बुडेल. कागदावर मी अडखळत नाही, म्हणून पाकीट डिंकाने चिकटवून तुझ्या भाचीच्या दप्तरातून पाठवते आहे.

काल ठकीचा भाषेचा पेपर पाहिला. तुझ्या उताऱ्यातली बाई पाहुणे आले की स्वयंपाकघरातच थांबते, चहाचा ट्रे मुलांच्या हाती बाहेर पाठवते. ती मीच, हे कळायला मला मास्तर लागला नाही. ती बाहेर का येत नाही, असा प्रश्न. तुझं उत्तर: ती बुजरी आहे, सपाट पात्र, शेवटपर्यंत बदलत नाही. ठकीने लिहिलं, तिला कोणीतरी येऊ नको म्हटलं असेल. तिचे दोन गुण तू कापलेस.

तू माझ्याकडे राहायचास तेव्हा तुझ्या मुख्याध्यापिका चहाला आल्या होत्या. त्या दिवशी मला आत कोणी थांबवलं, हे मी ठकीला कधी सांगितलं नाही. आता ती खोदून विचारते आहे. काय सांगू, ते तूच कळव.

माया आहे, ती एका पेपराने आटायची नाही.
तुझी ताई

दि. ५
ती. ताईस, सा. न.

पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि मान वर करवेना. मुलं गाइडमधली उत्तरं घोकून येतात, म्हणून मी उतारे घरच्याच गोष्टींवरून रचतो. त्यात तुला घेतलं आणि तुला आत थांबवणाऱ्याला सोयीस्करपणे गाळलं. वर ठकीच्या उत्तरापुढे लाल शाईने लिहिलं, उताऱ्यात आधार नाही. आधार नव्हताच, मीच तो काढून टाकला होता. पालकसभेला तू येत नाहीस याचं मला बरंच वाटायचं, हेही आज लिहून टाकतो. माझी मलाच लाज वाटते.

ठकीला तू काही सांगू नकोस. उद्या ते गाळलेलं वाक्य मीच वर्गात फळ्यावर लिहीन, थांबवणारा कोण त्यासकट. शनिवारच्या सभेला येशील? विचारायला तोंड नाही, म्हणून लिहितो.

रागाव, पण परका करू नकोस.
तुझा धाकटा

दि. ७
चि. धाकोबास, आशीर्वाद.

काल ठकी घरी आली ती दप्तरासकट कोपऱ्यात बसली. तू फळ्यावर काय लिहिलंस ते सांगितलं. लिहून झाल्यावर मामा बराच वेळ पाठमोराच उभा होता, असंही म्हणाली. मला वाटलं, आता वाढलेले गुण दाखवेल. तिने दप्तराच्या तळातून तीन चुरगळलेल्या चिठ्ठ्या काढल्या, वर्षभरातल्या पालकसभांच्या. मी बोलायला लागले की मैत्रिणी हसतील, म्हणून तिने त्या मला दिल्याच नव्हत्या. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिला कुठून सुचलं, ते तेव्हा कळलं. पोर फार रडली. मला तुम्हा दोघांनाही फैलावर घ्यायचं होतं, पण शब्द वेळेवर येईनात.

शनिवारी येते. मला बोलायला वेळ लागतो, तेवढं लोकांना बसवून ठेव.
ताई