मैनाबायच्या हाडांच्या गोळ्या

कामोठे

चि. मैनाबाय, तुला दादाचा आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, राग धरू नकोस. तू पडलीस, मनगट मोडलं, हे तुझ्या दीपेशने सांगून पंधरा दिवस झाले. तू मात्र माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो.

चूक माझी आहे. माझ्या छातीत धडधड व्हायची तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हृदयाच्या पेशीत कॅल्शियम वाढलं की हृदय जोरात आवळलं जातं. मी तेवढंच ऐकलं. कॅल्शियम नको म्हणून पानातला चुना सोडला आणि तुझ्या हाडांच्या गोळ्याही बंद करायला लावल्या. आठ महिने तू माझं ऐकलंस.

परवा नात अर्पिताने समजावलं. "आजोबा, माणूस चिडला, घाबरला की रक्तातून एक द्रव्य येऊन पेशीच्या बाहेरच्या बाजूला बसतं. ते आत जात नाही. बसायची ती जागाच आत निरोप देते, मग आतलं कॅल्शियम वाढतं. तुमची धडधडीची गोळी ती जागा अडवते. मैनाआजीच्या गोळ्यांचा काय संबंध? उगाच डॉक्टर झालात."

सून तोंड फिरवून हसली. म्हणजे दोष चुन्याचा किंवा गोळ्यांचा नव्हता, माझ्या चिडक्या स्वभावाचा होता.

गोळ्या तुझ्या डॉक्टरांना विचारून पुन्हा चालू कर, मला विचारू नकोस. हात उजवा की डावा, तेही मला ठाऊक नाही. उजवा असेल तर दीपेशकडून दोन ओळी लिहून घे. शिव्या असल्या तरी चालतील, पण लवकर कळव.

तुझा दादा
गोवर्धन