भिंतीला निंबाची धुरी

नाशिक,
१८ जुलै २००६

तीर्थस्वरूप कोंडाजीमामा आणि मामी यांच्या पायांशी भाचा समाधान याचा दंडवत. (मामा, चष्मा सापडत नसेल तर पत्र मामींकडून वाचून घ्या, पण ओट्यावर बसून मोठ्याने नको. आत बसा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचे पित्त? झेंडूला पावसाने फार झोडपले नसेल अशी आशा करतो. आमच्याकडे सगळे क्षेम आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरे तर फोनच केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत एकाने फोन उचलला की बाकीच्यांचे कान तिकडे लागतात, आणि त्यात सर्वांत तिखट कान तुमच्या बहिणीचे आहेत.

वास्तुशांतीला तुम्ही आतल्या खोलीत ज्या भिंतीला पाठ टेकून जेवलात, ती गुलाबी भिंत आठवत असेल. ती आता गुलाबी नाही. आषाढ लागला तसा तिला आधी घाम फुटला, मग पोपडे आले आणि आता छतापासून खाली छातीइतक्या उंचीपर्यंत काळीहिरवी बुरशी आहे. आम्ही रोज पुसतो, ती रोज येते. चुना लावून झाला, तुरटी लावून झाली, ब्लीचिंग पावडर लावली तेव्हा बुरशी राहिली आणि छायाच्या हाताची सालटी निघाली. कपाट सरकवत सरकवत आता खोलीच्या मधोमध आले आहे आणि आत जायचे तर त्याला प्रदक्षिणा घालावी लागते. माझे चामड्याचे बूट, कमरेचा पट्टा, लग्नाचा अल्बम, सगळ्यांवर पांढरी लव आली. (अल्बममध्ये आमच्या सासूबाईंना दाढी आली आहे. हे मी छायाला दाखवले, ती चूक झाली.) रंगारी म्हणतो, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर भिंत आपोआप सुकते, हे त्यालाही ठाऊक आहे.

पाणी कुठून येते हे शेंबड्या पोरालाही कळेल. आमच्या बरोबर वर झुंबररावांची मोरी आहे. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाले, तेव्हापासून त्यांना दिवसातून दोनदा अंघोळ लागते. मी तक्रार करायला गेलो तर त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितले की तक्रार रीतसर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे लेखी द्यावी. सेक्रेटरी तेच आहेत. दिली. त्यांनी ती माझ्यासमोर वाचली, तज्ज्ञासारखी मान हलवली आणि निकाल दिला की तुम्ही ओले कपडे घरात वाळत घालता, म्हणून असे होते. मामा, पावसाळ्यात ओले कपडे काय सातपूरला कंपनीच्या गेटवर वाळत घालू? हे मी त्यांना विचारणार होतो, पण चहा त्यांचा प्यालेला होता.

आता मुद्द्याचे. त्या खोलीत आई झोपते. मागच्या वर्षी गावचे घर बंद करून तिला मीच इकडे आणले. एक दिवस पाहिले, ती भर पावसात गॅलरीत उभी राहून चादर झटकत होती. थोड्या वेळाने पुन्हा तीच चादर. मला वाटले, म्हातारपणी स्वच्छतेचे वेड लागले. मग छायाने हळूच सांगितले, की खोकला आला की आई चादर घेऊन बाहेर जातात, नाहीतर मोरीत जाऊन नळ सोडतात. आपल्याला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवसापासून आम्ही तिघे एकमेकांपासून तिचा खोकला लपवत होतो. ती आमच्यापासून, आम्हाला कळले हे आम्ही तिच्यापासून, आणि बुरशी पाहुण्यांपासून.

यानंतर गेल्या शनिवारची गोष्ट. (बसला असाल तर बसूनच राहा.) गावाकडे धान्याच्या कणगीत कीड झाली की आपण निंबाचा पाला जाळून धुरी देतो. तुमच्या बहिणीने ठरवले की भिंतीला लागली ती कीडच, आणि शहरातल्या लोकांना तिचे औषध माहीत नाही. छाया भाजी बाजारात आणि मी पहिल्या पाळीला, अशी वेळ तिने साधली. कंपाउंडच्या निंबाचा पाला, गावाहून आणलेल्या गोवऱ्या, आणि माझे नवे घमेले. धुरी वाया जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत छायाची धुतलेली साडी ओली करून कोंबली, आतून कडी घातली आणि स्वतः खाटेवर बसून राहिली. पेटती धुरी सोडून घराबाहेर पडायचे नसते म्हणे.

मी पाळी सुटून आलो तेव्हा आख्खी बिल्डिंग जिन्यात होती. आमच्या झडपांतून धूर निघत होता. कुणी म्हणे सिलिंडर, कुणी म्हणे वायर. झुंबररावांनी वीज केंद्राच्या अनुभवाने आधी सगळ्या बिल्डिंगची लाइट घालवली होती, त्यामुळे जिन्यात अंधार. मी दार बडवले. आतून काही नाही. 'आई' म्हणून हाक मारली, पुन्हा मारली. आतून काही नाही. मामा, त्या वेळी माझ्या डोक्यात काय काय आले ते मी या कागदावर लिहिणार नाही. एवढेच लिहितो की मी कडी तोडायला खांदा मागे घेतला.

तेवढ्यात कडी सरकली. (ओ द्यायला तोंड उघडले असते तर खोकला ऐकू गेला असता, म्हणून तिने ओ दिली नव्हती.) तुमच्या बहिणीने दार उघडले, डोळे लाल, पदर नाकाला, आणि एवढा जमाव बघून मला विचारते, "काय रे, कोन गेलं?" मी काही बोलायच्या आत झुंबरराव दोन बादल्या घेऊन आत घुसले, त्यांच्यामागे चार जण, आणि सगळ्यांनी मिळून पाणी ओतले. कुठे? घमेल्यावर एक बादली, बाकी सगळ्या भिंतीवर, कारण धूर तिथे दाट होता. जी भिंत सुकवण्यासाठी आम्ही महिनाभर झटलो, ती शेजारधर्माने पाच मिनिटांत न्हाऊन निघाली. झुंबररावांनी वर पाहिले, छतातून त्यांच्याच मोरीचे थेंब पडत होते, आणि ते म्हणाले, "बघा, किती ओल धरून ठेवलीय तुम्ही."

तेव्हाच आईला खोकल्याची उबळ आली. या वेळी चादर नव्हती, नळ नव्हता. सगळ्या बिल्डिंगसमोर ती खाली बसली आणि कितीतरी वेळ तिला श्वासच घेता येईना. झुंबररावांनी हातातली बादली ठेवली आणि गुपचूप रिक्षा आणायला गेले. (हे त्यांच्या खात्यावर लिहून ठेवतो, नाहीतर नंतर विसरेन.) डॉक्टर म्हणाले, धूर निमित्त झाला, छाती ओलीने भरली आहे. पावसाळाभर कोरड्या घरात ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी मी इथे ठेवून घेईन.

मी म्हटले, आई, मामाकडे सोडून येतो. तर म्हणते कशी, "मी नाय जायची. लोकं म्हनतील, लेकाला आय जड झाली. लय बरी हाय मी." आणि चादर घेऊन गॅलरीत गेली. गेले तीन दिवस ती ऐकत नाही. माझी समजूत घालून झाली, रागावून झाले, छायाचे रडून झाले. तरी तुम्ही काळजी करू नये. रंगाऱ्याकडे मी पुन्हा जाणार आहे. मामींना नमस्कार, झेंडूच्या राखणीला बसणाऱ्यांना रामराम, आणि तुमच्या गुडघ्याला जपा.

आपला भाचा,
समाधान

ता. क. पत्र रंगाऱ्यासाठी लिहिले नाही, हे तुम्ही ओळखले असेलच. मामा, नागपंचमी येत्या तीस तारखेला आहे, रविवारी. आईला न्यायला मुऱ्हाळी पाठवा. मी तिला आणून सोडले तर 'लेकाने टाकली' होते. माहेरचा माणूस दारात येऊन घेऊन गेला तर 'भावाने पंचमीला नेली' होते. बाई तीच, एसटी तीच, पण गाव वेगळे बोलते. आजी गेल्यापासून तिला पंचमीचे बोलावणे आलेले नाही. मी हे टोचायला लिहीत नाही. पण टोचले तर माझी हरकत नाही. एकदा नेलीत की पंचमीनंतर 'पाऊस लय हाय, पोळ्यापर्यंत ऱ्हा' म्हणून ठेवून घ्या. आणि मी लिहिले होते हे तिला कळू देऊ नका, ती हलायला मुळीच तयार नाही.

ता. क. २. मामा, छायाचा नमस्कार. ह्यांनी पाकीट चिकटवायला दिले, म्हणून लिहिते आहे. आई हलायला तयार नाहीत हे खरे नाही. डॉक्टरांकडून आलो त्याच रात्री त्यांनी पिशवी भरली. दोन लुगडी, फणी, आणि मामींसाठी बांगड्या. पिशवी खाटेखाली आहे. दाराची कडी वाजली की त्या आधी पदर सावरतात, मग कोण आलंय ते बघतात. दूधवाला निघाला की पुन्हा खाटेवर जाऊन बसतात. तेव्हा कुणाला पाठवू नका, गुडघा दुखत असला तरी तुम्हीच या. बेल दाबू नका, भिंत ओली आहे, शॉक बसतो. कडी वाजवा. त्याच उघडतील.