ऐंशी डाव्या बाह्या

३ मार्च, मंगळवार

जवस! सकाळी उपाशीपोटी दोन चमचे, दळून, कोमट पाण्यातून. जाऊबाईंचा हुकूम. गिळताना डोळ्यांत पाणी आलं, तर हे पेपरातून मान वर न करता म्हणतात, "नैसर्गिक आहे, अपाय तरी नाही ना?" मग तुम्हीच घ्या की!

पाळी थांबून आठ महिने झाले. आज कामावर वाफ सहा वेळा आली. छातीतून निघते, मानेवरून कानापर्यंत चढते, मग घामाची आंघोळ. आणि मी काम करते कुठे? कपड्यांच्या कारखान्याच्या कटिंगच्या खोलीत, जिथे पंखा लावायला बंदी! कापडावर मांडलेले कागदी फर्मे, म्हणजे मापाचे नमुने, उडतात म्हणून. ही बंदी वीस वर्षं मीच सगळ्यांना बजावत आले. आता बोलायची सोय नाही.

५ मार्च, गुरुवार

जवसाने पोट बिघडलं. जाऊबाईंना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, म्हणजे लागू पडतंय!" या बाईपुढे कोणाचं काही चालत नाही.

आता जवसाच्या जोडीला सोयाबीनचं दूध. कॉफी बंद. तिखट बंद. रागसुद्धा बंद — "राग आला की दहापर्यंत मोजायचं." माझी मजल चारपर्यंत जाते.

६ मार्च, शुक्रवार

सोयाबीनचं दूध शेजारच्या मांजरीनेही हुंगून सोडून दिलं.

७ मार्च, शनिवार

ह्यांनी कुठेतरी वाचलं, खोल श्वास घ्यायचा, पोटातून. खुर्चीत बसवून मला शिकवायला लागले. "घे... धर... सोड..." तिसऱ्या श्वासाला स्वतःच झोपले. घोरत होते! मी मात्र टक्क जागी, ओल्या पाठीने.

खरं सांगायचं तर झोप नाही हेच मोठं दुखणं आहे. सकाळी किल्ली फ्रिजमध्ये सापडली. हसले. मग हसू आलं नाही.

९ मार्च, सोमवार

लिहायला लाज वाटते.

दवाखान्यातल्या परिचारिकांचे चाळीस कोट होते. कापडाला उलट-सुलट बाजू आहे, म्हणून सगळे थर एकाच तोंडाने अंथरले. अशा वेळी बाहीचा फर्मा निम्म्या बाह्यांसाठी उलटवून ठेवायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मीच शिकवते. आज कात्री चालवताना वाफ आली, डोळ्यांत घाम उतरला, एकदा पुसला, पुढे कापत गेले. दुपारी शिवणाऱ्या बायकांकडून निरोप आला — उजव्या बाह्या कुठे आहेत? कुठेच नव्हत्या. ऐंशीच्या ऐंशी डाव्या! चाळीस परिचारिका, प्रत्येकीला दोन डावे हात.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मालकीणबाई हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुमच्याकडून?" त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

१० मार्च, मंगळवार

गंमत म्हणून दादाला फोनवर बाह्यांची गोष्ट सांगितली. भाऊ आहे, हसेल, वाटलं. तो म्हणाला, "आईचंही असंच सुरू झालं होतं."

फोन ठेवला.

आईचं म्हणजे — सव्वीस वर्षांपूर्वी आई शाळेच्या कचेरीत टंकलेखन करायची. एक दिवस काम अर्धवट टाकून उठली आणि भर थंडीत पायऱ्यांवर जाऊन बसली, अंगातला स्वेटर काढून. घरी आदळआपट, रडणं, कचेरीच्या पत्रांत चुका. दादा तिला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या, नोकरी सुटली. तेव्हापासून ती दादाकडे मागच्या खोलीत असते. थोडं बोलते, पुष्कळ झोपते. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. दादाने गोळ्यांचं विचारलं, मी हो म्हटलं. एवढंच माझं योगदान.

वाफांचं काही नाही, सहन करीन. पण माझंही डोकं जाणार असेल तर? भीती वाटते. कोणाला सांगू, जवसाला?

१२ मार्च, गुरुवार

शेवटी डॉक्टरबाईंकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. जाऊबाईंच्या सगळ्या उपायांची यादी वाचून दाखवली. त्या मन लावून ऐकत होत्या, मध्येच ओठ दाबून हसल्या. म्हणाल्या, जवस खायचा तर खा, पण पोट मानत नसेल तर कशाला? सोयाचा कोणाला थोडा उपयोग होतो, कोणाला नाही. रोज चाला. सुती, सैल कपडे घाला. खोली गार ठेवा. एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत, तपासून ठरवू, त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

मग मी बाह्यांचं विचारलं. "डोकं तर जात नाहीये ना माझं?"

"अहो, झोप नाही, त्यात हा बदल. या दिवसांत विसरायला होतं, चिडचिड होते, रडू येतं. पुष्कळ बायकांना होतं. वेड नाही हे." आणि सहज विचारलं, "तुमच्या आईची पाळी कितव्या वर्षी थांबली?"

माहीत नव्हतं. सांगितलं, विचारून सांगते.

१३ मार्च, शुक्रवार

मालकीणबाईंना सरळ सांगितलं — वाफा येतात, झोप नाही, म्हणून चुकले. त्यांनी खिडकी उघडायला लावली आणि फर्म्यांवर ठेवायला लोखंडी वजनं पाठवली. वीस वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं! मलाही नाही. वजनं तर गोदामातच पडून होती. कात्री माझ्याकडेच राहिली.

जाऊबाईंचा फोन आला. आता म्हणे मेथीदाणे! चारपर्यंत मोजलं आणि फोन ठेवला.

१५ मार्च, रविवार

दादाकडे गेले. आई मागच्या खोलीत मटार सोलत होती. शेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं, वाफा, घाम, चुका, रडणं. तिचे हात थांबले. उठून तिने दार लोटून घेतलं, माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "कुणापाशी बोलू नकोस गं. गोळ्या सुरू करतील."